पंख गळालेली मोठी मुंगी सापडली? ती राणी आहे का, आणि तिला पाळावं का?

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातलं चिखला हे गाव ओळखलं जातं ते मॉईलच्या मँगनीज खाणीमुळे. जूनमध्ये एक-दोन दमदार पाऊस झाले की इथे, आणि तसं पाहिलं तर सगळ्या विदर्भातच, संध्याकाळी दिव्यांभोवती पंखवाल्या किड्यांची झुंबड उडते. सकाळी अंगणात गळालेले पंख पडलेले असतात आणि एखादी जाडजूड मुंगी एकटीच फिरताना दिसते. मग फोटो स्टेटसवर जातो आणि प्रश्न येतो, ही राणी आहे का?

त्याआधी ती मुंगी आहे का, ते बघा. पहिल्या पावसात उडणाऱ्यांमध्ये वाळवी, म्हणजे उधई, भरपूर असते. तिची कंबर जाड, चारही पंख सारख्या लांबीचे आणि मिशा मण्यांच्या माळेसारख्या सरळ. मुंगीची कंबर बारीक आणि मिशा कोपरातून वाकलेल्या. दिव्यावर धडका मारणारा, सॉसेजसारखा जाड तपकिरी किडाही राणी नव्हे. तो डोरिलस नावाच्या मुंगीचा नर असतो.

आपल्याकडे सगळ्यात जास्त घोळ मुंगळ्याबाबत होतो. काळ्या मुंगळ्याचं शास्त्रीय नाव कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस. त्याच्या कामकरी मुंग्यांमध्येच लहान-मोठे आकार असतात आणि मोठ्या डोक्याची कामकरी लोकांना राणी वाटते. म्हणून डोकं नको, छाती बघा. कामकरीची छाती सडपातळ असते. राणीची फुगीर असते, कारण तिथे उडण्याचे स्नायू असतात. छातीच्या बाजूला पंख तुटल्याच्या बारीक खुणा दिसल्या, तर ती राणीच.

पण पंख गळाले म्हणजे मिलन झालंच, असं नाही. बहुतेकदा झालेलं असतं, एवढंच म्हणता येतं. पंख अजून असतील तर तिला सोडून द्यावं, हे बरं.

आता पाळण्याचा प्रश्न. मुंगळ्याची राणी पहिली पिल्लं स्वतःच्या शरीरातल्या साठ्यावर वाढवते. निकामी झालेले उडण्याचे स्नायू विरघळून त्यातूनच तिला पोषण मिळतं. त्यामुळे पहिली कामकरी बाहेर पडेपर्यंत तिला खाऊ घालायची गरज नसते. परीक्षानळीच्या तळाशी पाणी, त्यावर कापसाचा घट्ट बोळा, मग राणी आणि तोंडाला पुन्हा कापूस. ही नळी अंधारात, न हलवता ठेवायची. दर तासाला टॉर्च मारून बघणाऱ्याची राणी घाबरून स्वतःचीच अंडी खाऊन टाकू शकते. हौशी लोकांचे प्रयोग बहुधा इथेच फसतात.

पाळायचं ठरवलं तर किती वर्षांसाठी, याचाही हिशोब हवा. युरोपातल्या काळ्या बागमुंगीची एक राणी प्रयोगशाळेत 28 वर्षांहून जास्त जगली. प्रत्येक जात इतकी टिकत नाही, पण राण्या अनेक वर्षं जगतात. विदर्भात मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो, तेव्हा ही वसाहत घरात कुठे ठेवणार? आणि कंटाळा आला म्हणून दुसऱ्याच जिल्ह्यात नेऊन सोडणं हा पर्याय नाही.

कायद्याचं म्हणाल, तर अभयारण्यातून विनापरवाना कुठलाही वन्यजीव नेता येत नाही आणि 1972 च्या वन्यजीव कायद्यातल्या 'प्राणी' या शब्दात किडेही येतात. म्हणजे कोका किंवा नागझिऱ्यातून राणी उचलणं विसरा. विकण्याचा विचार असेल तर केनियातलं उदाहरण बघा. 2025 मध्ये सुमारे 5,000 राणी मुंग्यांसह पकडलेल्या बेल्जियमच्या दोन 19 वर्षांच्या मुलांना तिथल्या कोर्टाने प्रत्येकी 10 लाख शिलिंग दंड किंवा वर्षभराचा तुरुंगवास, अशी शिक्षा दिली.

सोडायचं ठरलं तर जिथे सापडली तिथेच, संध्याकाळी, ओल्या मातीजवळ सोडा. ऊन नसेल तेव्हाच. बीळ खणायला लागली की कोंबड्या तेवढ्या लांब ठेवा.