खडकीचे बाबा आणि बॅरिस्टर जयकर

भिवंडीजवळच्या आमच्या वडप्यात कुठलीही जुनी गोष्ट आग्रा रोडवरूनच सुरू व्हायची. कुणाचा जन्म कधीचा, कुणाचं लग्न कुठल्या साली लागलं, सगळा हिशेब सडकेचा. ‘डांबर पडायच्या आधी’ म्हटलं की म्हाताऱ्यांना काळ कळायचा. भिवंडीत तेव्हा मागांचा खडखडाट एवढा वाढला नव्हता आणि गोदामं तर कुणाच्या स्वप्नातही नव्हती. दोन्ही अंगांना भातशेती. झोडणी संपली की पेंढ्यानं भरलेल्या बैलगाड्या रात्रीच कल्याणच्या वाटेला लागायच्या.

माझ्या आजाचे थोरले भाऊ पुण्याजवळ खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला होते. सगळं गाव त्यांना खडकीचे बाबा म्हणायचं. गणपतीला आणि शिमग्याला ते हमखास यायचे. येताना पेरू आणायचे. जाताना आजी त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत नवे तांदूळ, कडवे वाल आणि वर्तमानपत्राच्या चार घड्यांत गुंडाळलेले सुके बोंबील भरून द्यायची. त्या ट्रंकेला बोंबलांचा वास कायमचा बसला होता. रिकामी असली तरी मांजर तिच्याभोवती घुटमळायचं. रात्री तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं झालं की बाबा ओट्यावर येऊन बसत आणि पुण्याच्या गोष्टी निघत.

त्यांतला एक लाडका माणूस म्हणजे बॅरिस्टर जयकर. बाबांच्या हिशेबी ते ‘पेट्रोलवर पैसा बसवून सडका करणारे’. पुढे वाचू लागलो तेव्हा कळलं, म्हातारा खरंच सांगत होता. पहिल्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या, पण रस्ते बैलगाड्यांच्या काळातलेच आणि लोकल बोर्डांच्या हाती पैसा नाही. म्हणून १९२७ साली सरकारनं मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली रस्ते समिती नेमली. पेट्रोलवर जादा कर घ्यावा आणि तो रस्त्यांवरच खर्च व्हावा, अशी तिची शिफारस. त्यातूनच १९२९ साली केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. आग्रा रोड त्याहून कितीतरी जुना, पण बाबा तोही जयकरांच्याच नावावर टाकून मोकळे व्हायचे. समोर बसलेला आजा मान डोलवायचा.

जयकर मूळचे मुंबईचे, जन्म १८७३चा. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले, मुंबईच्या हायकोर्टात नाव कमावलं. जालियनवाला बागेच्या हत्याकांडानंतर काँग्रेसनं जी चौकशी समिती नेमली, तिच्यात गांधीजी, चित्तरंजन दास यांच्याबरोबर तेही होते. पुढे स्वराज्य पक्ष, मुंबईचं कायदे कौन्सिल, दिल्लीची मध्यवर्ती असेंब्ली. १९३० साली गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात असताना तेजबहादूर सप्रू आणि जयकर सरकार आणि काँग्रेस यांच्यात मध्यस्थीसाठी हेलपाटे घालत होते. खडकीहून येरवडा ते किती लांब! कारखान्यातल्या जुन्या कामगारांकडून बाबांनी ऐकलं होतं, की साहेबांची मोटार तुरुंगाकडे वळली की लोक आपसांत म्हणत, आज काहीतरी ठरणार. त्यातलं ऐकीव किती आणि रचलेलं किती, हे आता विचारायला बाबा नाहीत. त्या वाटाघाटी तेव्हा फिसकटल्या, पण पुढच्या वर्षीच्या गांधी-आयर्विन करारामागे या दोघांची खटपट होती. १९३२च्या पुणे करारावरही जयकरांची सही आहे.

मधे पडणाऱ्या माणसाला दोन्हीकडून बोलणी बसतात. जयकरांनाही बसली. गर्दी त्यांच्या मागे कधीच धावली नाही. ते फेडरल कोर्टाचे न्यायमूर्ती झाले, प्रिव्ही कौन्सिलवर गेले, संविधान सभेत निवडून आले. तिथं डिसेंबर १९४६मध्ये नेहरूंच्या उद्दिष्टांच्या ठरावावर त्यांनी दुरुस्ती मांडली, की मुस्लिम लीग आणि संस्थानिक येईपर्यंत थांबू या. सभागृहाला ते रुचलं नाही. पुढे त्यांनी जागा सोडली. फाळणीमुळे बाबासाहेब आंबेडकरांची बंगालमधली जागा गेली होती. ते १९४७च्या जुलैमध्ये मुंबई प्रांतातून जयकरांच्याच रिकाम्या जागेवर निवडून आले. बाबांचे कारखान्यातले एक बौद्ध स्नेही आमच्याकडे दोनतीनदा आले होते. ही गोष्ट ते सांगायचे तेव्हा ओट्यावर कुणी खोकतही नसे.

आणि मग, पंचाहत्तरीला आलेला हा माणूस पुणे विद्यापीठाचा पहिला कुलगुरू झाला. विद्यापीठ १९४९ साली सुरू झालं. सुरुवातीचा कारभार भांडारकर संस्थेच्या निजाम अतिथीगृहातून. त्याच वर्षी जूनमध्ये ते गणेशखिंडीच्या गव्हर्नर बंगल्यात गेलं. याच बंगल्यातून १८९७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा सोहळा आटोपून निघालेल्या प्लेग कमिशनर रँडवर चापेकरांनी गोळी झाडली होती. बाबा म्हणायचे, ‘जिथं आमाला फाटकाजवळ उभं नव्हतं करत, तिथं पोरांच्या सायकली लागल्या रं!’ हे सांगताना त्यांचा आवाज दर वेळी बदलायचा. जयकरांना आपण एकदा त्या फाटकातून येताना पाहिलं, असंही ते सांगत. कधी मोटारीतून, कधी पायी.

जयकरांनी १९५६पर्यंत हे विद्यापीठ सांभाळलं. साठीला टेकल्यावर आपण निवृत्तीचे बेत करतो. हा गृहस्थ ऐंशी उलटल्यावरही कुलगुरूच्या खुर्चीत होता. १९५९च्या मार्चमध्ये ते गेले.

राजकारणात त्यांनी केलेल्या तडजोडींबद्दल आजही वाद घालता येईल. संविधान सभेत थांबा म्हणण्यात त्यांचा अंदाज चुकला, असं मलाही वाटतं. पण रस्ते निधी आणि विद्यापीठ ही दोन कामं अशी, की त्यांचा उपयोग जयकरांना नावं ठेवणाऱ्यांच्या नातवंडांनाही झाला.

आता समृद्धी महामार्गही आमच्या शेजारी आमण्यालाच येऊन थांबतो. वडप्याची पोरं पुण्याला शिकायला जातात, विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात तासन्‌तास बसतात. तुमच्या घरातलं कुणी तिथं जात असेल, तर हे जयकर कोण ते त्याला जेवता जेवता सांगा. आणि घरात अजून कुणी म्हातारं माणूस असेल, तर आधी त्यांना विचारा.