बीजेची पोरं आणि अवांतर वाचन

मेडिकलच्या विद्यार्थ्याला अवांतर वाचनाबद्दल विचारा, उत्तर ठरलेलं: ‘वेळ कुठंय?’ पण १९६०च्या दशकातलं पुण्याचं बी. जे. मेडिकल बघा. अनिल अवचट, कुमार सप्तर्षी, जब्बार पटेल, मोहन आगाशे, सगळे इथलेच! अॅनाटॉमीचे ठोकळे त्यांनाही चुकले नव्हते. मग फरक कशानं पडला? मला वाटतं, सोबतीनं. एकाला चळवळीचा नाद, दुसऱ्याला नाटकाचा. मग वाचणं आपोआप आलंच. बिहारचा दुष्काळ पाहून अवचटांनी लिहिलेलं ‘पूर्णिया’ १९६९ला आलं. १९७२ला पटेलांनी तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ बसवलं, त्यात आगाशे नाना फडणवीस! पटेल बालरोगतज्ज्ञ, आगाशे मनोविकारतज्ज्ञ. डॉक्टरकी या दोघांची अडली नाही. तुमच्या होस्टेलवर पुस्तक हातात ठेवणारं कुणी आहे का? नसेल, तर सुरुवात तुम्हीच करा.