फॅनी : गिटार घेतलेल्या बहिणी

भजनात टाळ बाईच्या हातात चालतो, पण पखवाजावर बसायचं म्हटलं की पुरुष माणूस शोधतात, ही तक्रार आम्ही गावोगाव ऐकली. म्हणून आज अमेरिकेतल्या एका बाईबँडची गोष्ट घेऊन आलो आहोत. बँडचं नाव फॅनी. त्यांचं संगीत रॉक, म्हणजे विजेवर वाजणारी गिटार, धडधडणारे ड्रम आणि खड्या आवाजातलं गाणं.

जून आणि जीन मिलिंग्टन या सख्ख्या बहिणी. जन्म फिलिपिन्समधला, आई तिथली, वडील अमेरिकेच्या नौदलातले. जूनच्या तेराव्या वाढदिवसाला आईने तिला एक लहानशी गिटार दिली. १९६१ मध्ये घरदार अमेरिकेत, कॅलिफोर्नियाच्या सॅक्रामेंटो शहरात गेलं. सावळा रंग, परक्या वळणाचा चेहरा. शाळेत त्या एकट्याच पडायच्या. मग गाणं म्हणू लागल्या, तेव्हा कुठे मैत्रिणी जवळ आल्या. शाळेत असतानाच त्यांनी मुलींचा बँड काढला आणि मिळेल तिथे वाजवायला सुरुवात केली.

१९६९ मध्ये रिप्राइज या मोठ्या रेकॉर्ड कंपनीने त्यांच्याशी करार केला. जून गिटारवर, जीन बेसवर, ॲलिस डी बुर ड्रमवर, निकी बार्कले पियानोवर. लॉस एंजेलिसला एकाच घरात राहायच्या, तळघरात तालीम. गाणीही स्वतःच लिहायच्या. १९७० ते १९७३ या चार वर्षांत चार अल्बम निघाले. ‘चॅरिटी बॉल’ हे गाणं १९७१ मध्ये अमेरिकेच्या यादीत चाळिसाव्या क्रमांकापर्यंत गेलं.

तरी लोकांचं कौतुक असं, की मुली असून बऱ्या वाजवतात! म्हणजे रोज नव्या गावात, नव्या स्टेजवर पुन्हा पहिल्यापासून परीक्षा. पुरुषांच्या बँडला असं कोण विचारतं? वर कपडे अजून तोकडे घाला, असा दबाव. जून थकली, मनाने खचली आणि १९७३ मध्ये बाहेर पडली. ॲलिसही गेली. नव्या जणी घेऊन आणखी एक अल्बम झाला, पण १९७५ पर्यंत बँड मोडला. गंमत बघा, जीनचं ‘बटर बॉय’ हे गाणं यादीत एकोणतिसाव्या क्रमांकावर चढलं, ते नेमकं त्याच वर्षी. त्यांचं सगळ्यांत गाजलेलं गाणं, आणि ते वाजवायला बँडच नाही!

मग लोक त्यांना विसरले. १९९९ मध्ये डेव्हिड बोवी या मोठ्या गायकाने एका मासिकात सांगितलं की हा त्यांच्या काळातला फार उत्तम बँड होता, तेव्हा काहींना आठवण झाली. जून मात्र थांबली नव्हती. तिने जोडीदारीण ॲन हॅकलर हिच्यासोबत बायकांसाठी संगीताची संस्था उभी केली. आज ती मॅसॅच्युसेट्स राज्यात गोशेन या लहान गावात आहे. तिथल्या शिबिरांत मुली गिटार, ड्रम शिकतात, आणि रेकॉर्डिंगची यंत्रंसुद्धा स्वतः हाताळतात. आमच्या मते जूनचं हे काम अल्बमांपेक्षा लहान नाही.

आणि २०१८ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर, जून आणि जीनने नवा अल्बम काढला. जुन्या सोबतीतली ब्री डार्लिंग ड्रमवर. अल्बमचं नाव ‘फॅनी वॉक्ड द अर्थ’. पुढच्या पिढीच्या बाईबँडांतल्या कितीतरी जणी त्यात गायला आल्या. पण अल्बम बाजारात येण्याआधीच जीनला पक्षाघाताचा झटका आला. बेस वाजवणारा हात थांबला, ठरवलेले दौरे राहून गेले. अल्बम मात्र निघाला, आणि त्यात जीनचा बेसही आहे आणि आवाजही.

कार्यक्रम संपल्यावर त्यातलं एक गाणं आम्ही लावणार आहोत. भाषा कळली नाही तरी चालेल, बेसकडे कान द्या. खालून घुमतो तो जाड आवाज, तो जीनचा. पुढच्या बुधवारी पखवाज शिकणाऱ्या दोन आजी स्टुडिओत येणार आहेत. त्यांना काही विचारायचं असेल तर गटाच्या बैठकीत लिहून ठेवा.