नाशिकच्या तीर्थवह्या आणि नोंदींचा साचा

नाशिक क्षेत्री गोदास्नान व श्राद्धादी विधींसाठी येणाऱ्या यात्रेकरूंच्या वंशांची नोंद तेथील तीर्थोपाध्याय पिढ्यान्‌पिढ्या आपल्या वह्यांत ठेवीत आले आहेत. यात्रेकरूने आपले, पित्याचे व पितामहाचे नाव, बंधू, पुत्र, गाव इत्यादी मजकूर लिहावा, आणि पुढे त्याच्या वंशजाने येऊन त्यात आपली भर घालावी, अशी ही परंपरा. जुने लेख पुष्कळदा मोडीत, तर अलीकडचे बालबोधात आढळतात. वंशेतिहासाचे साधन म्हणून या वह्यांची योग्यता सर्वमान्य आहे. प्रस्तुत निबंधात त्यांचा विचार एका निराळ्या अंगाने करावयाचा आहे. या नोंदी संगणकाच्या साच्यात उतरविताना त्यांच्या अर्थाचे काय होते, हा तो प्रश्न होय.

दरबारी पत्रव्यवहाराला आपल्याकडे साचा होता. हेमाद्रीच्या नावाने चालत आलेली मेस्तके याची साक्ष देतात. पुढे इंग्रजी अमदानीत १८७२ व १८८१ च्या जनगणनांनी छापील रकाने आणले, आणि माणसाने रकान्याप्रमाणे उत्तर द्यावे असा क्रम रूढ झाला. तीर्थवही या दोहोंहून भिन्न. तेथे लिहिणाराच आपल्या लेखाचा आकार ठरवितो. कोणी दोन पिढ्या सांगतो, कोणी पाच. ‘कुलकर्णी’ हा शब्द एका लेखात आडनाव असतो, तर दुसऱ्यात वतनाचा निर्देश. वाचणाऱ्या उपाध्यायास संदर्भ ठाऊक असल्यामुळे अडचण पडत नाही. यंत्रास मात्र संदर्भ सांगावा लागतो.

अशा विषम नोंदी साठविण्यास आज ‘जेसन’ ही लेखनपद्धती सोयीची ठरते. डग्लस क्रॉकफर्ड यांनी २००१ च्या सुमारास ती पुढे आणली. २०१३ मध्ये तिला ‘एक्मा ४०४’ हे प्रमाण लाभले. नाव व मूल्य यांच्या जोड्या, क्रमबद्ध याद्या, अक्षरमाला, संख्या, सत्य-असत्य आणि ‘नल’ हे शून्यमूल्य एवढ्याच सामग्रीवर ती उभी आहे. प्रत्येक नोंदीत त्याच जोड्या असाव्यात असा तिचा आग्रह नाही. याउलट जावासारख्या भाषेत ऑब्जेक्ट घडवावयाचे तर त्याचा क्लास, म्हणजे रकान्यांची नावे व प्रकार, आधी जाहीर करावे लागतात. वही आणि जनगणना यांच्यातील जुना विरोध येथे पुन्हा उभा राहतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. ‘पुत्र’ या नावापुढे एका नोंदीत एकच नाव आहे; दुसरीत चार नावांची यादी; तिसरीत ‘पुत्र नाही’ या विधानामुळे रिकामी यादी; चौथीत मूळ अक्षरे वाळवीने खाल्ल्यामुळे ‘नल’; आणि पाचवीत ती जोडीच नाही. एकट्या नावाची एका नावाची यादी केल्यास काही बिघडत नाही. परंतु शेवटच्या तिन्हींना रिकाम्या यादीचे रूप दिले, की ‘नाही’, ‘वाचता येत नाही’ आणि ‘सांगितलेले नाही’ ही तीन भिन्न विधाने एक होतात. ज्या पुरुषाने पुत्रांचा उल्लेख केला नाही, तो निपुत्रिक ठरतो आणि कागदावर त्याचा वंश खुंटतो.

यावर उपाय आहे. नोंद प्रथम वृक्षरूपाने जशीच्या तशी वाचावी. कोणत्या जोड्या उपस्थित आहेत ते पाहून, अथवा ‘प्रकार’ अशी स्वतंत्र जोडी घालून, तिचा वर्ग ठरवावा. मगच त्या त्या क्लासचे ऑब्जेक्ट घडवावे. आडनाव आणि वतन यांचा भेद असाच राखता येतो. अपरिचित जोडी आढळताच काही साधने थांबतात, तर काही ती मुकाट्याने टाकून देतात. म्हणून अशा जोड्यांसाठी वेगळा साठा ठेवणे इष्ट. शिवाय जेसनमध्ये जोड्यांचा क्रम अर्थवाही नसतो, यादीचा असतो. तेव्हा ज्येष्ठ-कनिष्ठ क्रमाने लिहिलेले बंधू यादीतच घालावे लागतात.

हा केवळ तंत्रज्ञांचा प्रश्न नव्हे. २०२३ मध्ये शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमल्यावर कुणबी नोंदींसाठी मोडीतील जुने अभिलेख पुन्हा तपासले जाऊ लागले. वंशावळीतील एका दुव्यावर जिवंत माणसांचे हक्क अवलंबून असू शकतात, हे त्या निमित्ताने सर्वांच्या ध्यानी आले. असा दुवा लेखकाच्या मौनामुळे अज्ञात राहिला, तर शोध पुढे चालू शकतो. साच्याच्या सोयीसाठी तो ‘नाही’ असा लिहिला गेला, तर शोधच थांबतो. भाषाभ्यासकास अनुक्ताचे महत्त्व ठाऊक असते. तीर्थवह्यांचे साचे ठरविताना त्याचा सल्ला आरंभीच घेतला जावा, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.