रोटाव्हेटर, पलटी नांगर घरी आणताय? आधी उतरवायची सोय बघा

पाडवा, अक्षय तृतीया आणि त्यानंतर खरिपाच्या तोंडावर अवजारांच्या दुकानांत गर्दी वाढते. किमतीवर घासाघीस होते, अनुदानाची चौकशी होते, ट्रॅक्टर किती एचपीचा हे विचारलं जातं. ‘नेणार कशात?’ हा प्रश्न मात्र पैसे भरून झाल्यावर निघतो. दुकानात चेन ब्लॉक असतो, सवयीची माणसं असतात, दहा मिनिटांत अवजार पिकअपमध्ये बसतं. अडचण सुरू होते ती तास-दोन तासांनी, वस्तीवर पोचल्यावर. तिथे असतात शेजारची सात-आठ माणसं आणि पुढच्या भाड्याची घाई असलेला पिकअपवाला. मग ‘लावा हात सगळ्यांनी’ म्हणून सुरुवात होते, आणि हाता-पायाची बोटं सापडायचा धोका तिथेच सर्वांत जास्त असतो.

वजनाचा अंदाज घ्या

नऊ फणी कल्टिव्हेटर साधारण दोन ते अडीच क्विंटल भरतो. पाच-सहा फुटी रोटाव्हेटर मॉडेलप्रमाणे साडेतीन ते पाच क्विंटलपर्यंत जातो. दोन फाळी हायड्रोलिक पलटी नांगरही याच पट्ट्यात येतो. नेमका आकडा माहितीपत्रकात किंवा अवजारावरच्या प्लेटवर असतो.

चार क्विंटल आठ जणांत म्हणजे माणशी पन्नास किलो, एवढं तर पोतं उचलतोच की, असा हिशेब नेहमी केला जातो. हिशेब बरोबर, पण रोटाव्हेटरला धरायला आठ नीट जागाच नसतात. गिअरबॉक्स आणि साइड ड्राइव्हकडची बाजू जड, दुसरी हलकी, खाली सगळी पाती. एकाचा पाय घसरला की त्याचा भार शेजारच्यावर येतो आणि तो त्यासाठी तयार नसतो. कल्टिव्हेटर एकवेळ माणसांनी सरकवता येईल. रोटाव्हेटर आणि पलटी नांगर हे माणसांनी उचलायचं काम नाहीच.

जवळ असेल तर ट्रॅक्टरच घेऊन जा

दुकान पंधरा-वीस किलोमीटरवर असेल तर आपला ट्रॅक्टर नेऊन अवजार थ्री पॉइंटला जोडून आणणं सगळ्यांत बरं. वेळ जातो, डिझेल जातं, पण चढवणं-उतरवणं दोन्ही वाचतं. घरी हायड्रोलिक खाली सोडलं की काम संपलं.

जाताना आपल्या पिना आणि लिंच पिना सोबत घ्याव्यात. छोट्या ट्रॅक्टरच्या जोडणीत खालच्या पिना २२ मिलिमीटरच्या असतात, मोठ्या ट्रॅक्टरच्या २८ च्या. जुनं अवजार घेताना हा फरक हमखास निघतो. मग कुणीतरी बोल्ट ठोकून ‘चालतंय’ म्हणतं. शेतात दोन तास चालेलही, रस्त्यावरच्या खड्ड्यांत तो बोल्ट कधी तुटेल सांगता येत नाही. योग्य बुश टाकूनच निघावं.

जोडताना ट्रॅक्टर मागे येत असताना ट्रॅक्टर आणि अवजार यांच्यामध्ये कुणीही उभं राहू नये. ट्रॅक्टर थांबला, न्यूट्रल झाला, हँडब्रेक लागला, त्यानंतरच पिन घालायला माणसाने आत जावं. जमिनीवर उभं राहून हात लांब करून हायड्रोलिकचा लिव्हर हलवायची सवय अनेक जुन्या ड्रायव्हरना आहे. ती वाईटच.

निघण्याआधी पीटीओ शाफ्ट काढून वेगळा ठेवावा. चेक चेन ताणून घ्याव्यात, नाहीतर अवजार डावी-उजवीकडे हेलकावे खातं. अवजार पुरेसं वर घेऊन, हायड्रोलिकला लॉक किंवा बंद करायचा नॉब असेल तर तो बंद करावा. पलटी नांगराची फिरणारी फ्रेम लॉक पिनने अडकवावी आणि पाइपच्या तोंडाला टोपण लावून पाइप वर बांधून टाकावेत. त्यात धूळ गेली तर ती थेट ट्रॅक्टरच्या तेलात जाते.

दोन्ही ब्रेकचे पायडल पट्टीने एकत्र जोडायला मात्र विसरू नये. शेतात वळवायला ते सुटे ठेवलेले असतात. रस्त्यावर घाईत एकच दाबला गेला तर ट्रॅक्टर जागच्या जागी फिरतो, आणि मागे चार-पाच क्विंटल टांगलेलं असताना तो उलटायला वेळ लागत नाही.

पुढचं तोंड हलकं होणं हा दुसरा त्रास. पलटी नांगराचं वजन लिंकपासून बरंच मागे पडतं. कंपनी सांगते ती उचल-क्षमता लिंकच्या टोकावरची असते. वजन जितकं मागे, तितकी ती कमी पडते आणि पुढची चाकं उचलायला बघतात. चढावर स्टिअरिंग हलकं वाटायला लागलं तर समजावं. पुढे वजनाच्या प्लेटा असतील तर त्या याच दिवसासाठी आहेत, गोठ्यात ठेवायला नाहीत. फलटणहून मोगराळे घाट चढून माण तालुक्यात यायचं असेल तर प्लेटांशिवाय निघूच नये, आणि उतार लागला की चढाला लागला असता तोच गिअर ठेवावा, न्यूट्रल करू नये.

अवजारामुळे मागचे दिवे झाकले जातात. लाल रेडियमच्या पट्ट्या दोन्ही टोकांना चिकटवाव्यात आणि उजेडातच घरी पोचावं. अवजार दाबून धरायला म्हणून त्यावर पोराला बसवणं तर अजिबात नको. ट्रॅक्टरला सीट एकच असते.

पिकअपमध्ये आणायचं तर

छोटा हत्ती साधारण पाऊण टनाची गाडी, मोठी पिकअप सव्वा टनाच्या पुढची. आरसी बुकात रिकामं आणि भरलेलं वजन दिलेलं असतं, त्यातला फरक म्हणजे गाडीची खरी क्षमता. मोठ्या पिकअपच्या हौद्याची आतली रुंदी साधारण साडेपाच फूट, त्यामुळे सहा फुटी रोटाव्हेटर आडवा बसत नाही, तो लांबीलाच ठेवावा लागतो. फाळका उघडा टाकून बाहेर लोंबकळत ठेवला तर प्रश्न नुसता मागच्या मोटरसायकलवाल्याचा नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने हौद्याबाहेर आलेल्या मालासाठी २० हजार रुपये दंड घातला आहे.

पत्र्यावर लोखंड घसरतं. खाली जुन्या टायरचे तुकडे किंवा ओली पोती टाकावीत. वजन मागच्या चाकांच्या किंचित पुढे राहील असं ठेवून चारही बाजूंनी साखळीने किंवा रॅचेटच्या पट्ट्याने ताणावं. नायलॉनचा दोर पात्याच्या धारेवरून गेला तर तो वाटेत कापला जाणार हे नक्की. चार-पाच किलोमीटरवर गाडी थांबवून पुन्हा आवळावं, पहिल्या ताणानंतर सगळं थोडं सैल होतंच. रोटाव्हेटर आडवा पाडून आणू नये, गिअरबॉक्समधलं तेल बाहेर येतं.

ट्रॉलीत आणणार असाल तर ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेलीच ठेवून भरावी. सुटी ट्रॉली मागून भरताना तोंड वर करते. दोन्ही चाकांना उटी लावावी.

आणि आता उतरवायचं

ट्रॉलीचं हायड्रोलिक उचलून अवजार मागे घसरवून द्यायचं, ही पद्धत अनेक गावांत दिसते. अवजार कधी अडकून राहतं, कधी एकदम सुटतं आणि ट्रॉली एका अंगाला कलते. नव्या अवजाराची फ्रेम वाकते ती वेगळीच.

गावात जेसीबी असेल तर त्याचं अर्ध्या तासाचं भाडं हे सगळ्यांत स्वस्त पडतं. दुकानातून निघायच्या आधीच त्याला फोन करून वेळ ठरवावी. साखळी बकेटच्या दातांना न अडकवता हुकात अडकवावी. अवजाराला ती वरच्या मास्टला आणि खालच्या दोन्ही लिंकच्या कानांना धरून घालावी, साइड प्लेटला किंवा पीटीओच्या कव्हरला नाही. आधी फक्त वीतभर उचलून थांबावं. जड बाजू झुकली तर खाली ठेवून साखळी पुन्हा बांधावी. तोल धरायला हात लावू नये, दोन टोकांना दोर बांधून लांबून सांभाळावं.

जेसीबी नसेल तर बांध कामाला येतो. हौद्याइतक्या उंचीचा घट्ट बांध किंवा ताल बघून पिकअप मागे लावायची, चाकांना उटी, मध्ये जाड फळ्या, फळ्यांवर लोखंडी पाइपचे तुकडे. वरून ट्रॅक्टरने साखळी लावून हळूहळू ओढून घ्यायचं. पहारीने ढकलणारा माणूस बाजूला उभा, उताराच्या दिशेला कुणीच नाही. ओढताना साखळीच्या रेषेतही कुणी थांबू नये.

अवजार पडायला लागलं तर पडू द्यावं. वाचवायला पुढे धावणारा हातच सापडतो. वाकलेली फ्रेम वेल्डिंगवाला सरळ करून देतो.

ठेवताना जोडणीची बाजू मोकळ्या जागेकडे करून, खाली ओंडके देऊन ठेवावं. भिंतीकडे तोंड करून ठेवलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जेसीबी बोलवावा लागतो.

कागद आणि पहिला दिवस

महाडीबीटीवरून अनुदान असेल तर पूर्वसंमती आल्यावरच खरेदी करावी. तपासणीला कृषी विभागाचे कर्मचारी नंबर प्लेट बघतात, म्हणून साखळी त्या प्लेटवरून घालू नये आणि निघतानाच तिचा फोटो काढून ठेवावा. पक्कं बिल ड्रायव्हरजवळ द्यावं. माल एक लाखाच्या वरचा असेल तर ई-वे बिल दुकानदाराकडून मागून घ्यावं.

पीटीओ शाफ्ट नवीन अवजारासोबत अनेकदा लांब येतो. तो आपल्या ट्रॅक्टरच्या मापाने कापून घेतल्याशिवाय जोडून उचलला तर गिअरबॉक्सवर दाब येतो. गिअरबॉक्समध्ये तेल आहे का तेही बघावं, काही अवजारं दुकानातून तेलाशिवाय निघतात.