शाळेतला तिरंगा: नियम काय, वाद का होतात आणि पोरांकडून चूक झाली तर कायदा काय सांगतो?

कोल्हापूर: १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी जवळ आले की जिल्ह्यातल्या प्राथमिक शाळांपासून हायस्कूलपर्यंत एकच लगबग सुरू होते. ध्वजस्तंभाला रंग, प्रभातफेरीची तयारी, इस्त्रीचा गणवेश आणि खिशाला लावायला कागदी झेंडा. पण याच दिवसांत मोबाईलवर व्हिडिओही फिरू लागतात. कुठं झेंडा उलटा लागलेला असतो, कुठं पोरानं तो अंगाला गुंडाळलेला असतो, तर कुठं झेंडा कुणी चढवायचा यावरून गावकारभारी आणि शाळा समोरासमोर आलेले असतात. मग "गुन्हा दाखल करा", "पोराला शाळेतून काढा" अशी मागणी सुरू होते. प्रत्यक्षात कायदा इतका सरळसोट नाही. काय चालतं, काय चालत नाही आणि वाद झालाच तर कुणी काय करायचं, याची ही माहिती.

झेंडा लावायचा अधिकार सगळ्यांना

पूर्वी सामान्य माणसाला ठरावीक दिवस सोडून घरावर किंवा दुकानावर तिरंगा लावता येत नव्हता. २६ जानेवारी २००२ पासून भारतीय ध्वजसंहिता लागू झाली आणि नागरिक, खासगी संस्था, शाळा, कॉलेज यांना वर्षभर झेंडा लावायची मोकळीक मिळाली. उद्योजक नवीन जिंदाल यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००४ साली सांगितलं, की मान राखून राष्ट्रध्वज फडकवणं हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे.

विद्यार्थी आणि झेंडा यांचं नातं तर त्याहून जुनं आहे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारमध्ये झेंडा घेऊन निघालेल्या विद्यार्थ्यांच्या मिरवणुकीवर इंग्रज सरकारच्या पोलिसांनी गोळीबार केला. त्यात १५ वर्षांच्या शिरीषकुमार मेहता याच्यासह पाच पोरं हुतात्मा झाली. त्या काळी पोरांनी झेंडा हातात घेणं हाच गुन्हा धरला जायचा.

काय चालतं, काय चालत नाही

- झेंड्याचं प्रमाण ३:२ असावं. म्हणजे तीन फूट लांब तर दोन फूट रुंद. अशोकचक्राला २४ आरे असतात.
- डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनंतर खादीबरोबर सुती, रेशमी, लोकरी आणि पॉलिस्टरचा, मशीनवर तयार केलेला झेंडाही चालतो. प्लास्टिकचा चालत नाही.
- जुलै २०२२ पासून उघड्यावर किंवा घरावर लावलेला झेंडा रात्रंदिवस ठेवता येतो. त्याआधी तो सूर्यास्ताला उतरवावा लागायचा.
- फाटका, मळका झेंडा लावू नये. केशरी पट्टा कायम वर.
- झेंडा चढवताना झपाट्यानं चढवायचा, उतरवताना सावकाश.
- झेंड्यावर काहीही लिहायचं नाही. तालमीचं, मंडळाचं, शाळेचं किंवा नेत्याचं नाव असलेला तिरंगा चालत नाही.
- कमरेखालच्या कपड्यात, रुमालावर, उशीवर तिरंगा नको. गाडीच्या बॉनेटवर किंवा टपावर तो अंथरायचा नाही.
- झेंडा बांधताना आत फुलांच्या पाकळ्या ठेवायला परवानगी आहे. दुसरी कसली वस्तू ठेवायची नाही.
- कागदी झेंडे कार्यक्रमानंतर मैदानात टाकायचे नाहीत. ते गोळा करून, चारचौघांत न आणता, मान राखून त्यांची विल्हेवाट लावायची. फाटलेला कापडी झेंडा खासगीत जाळून नष्ट करावा, असं संहिता सांगते.

झेंडा कुणी चढवायचा?

गावोगावी सगळ्यात जास्त कुरबुर यावरूनच होते. सरपंच, मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, देणगीदार, निवृत्त सैनिक, प्रत्येकाच्या बाजूनं बोलणारी माणसं असतात. ध्वजसंहितेत शाळांसाठी वेगळा भाग आहे. मुलांनी चौकोनाच्या तीन बाजूंना उभं राहायचं, चौथ्या बाजूच्या मध्यभागी ध्वजस्तंभ, मुख्याध्यापक आणि विद्यार्थी प्रमुख स्तंभामागे तीन पावलांवर, इतका तपशील त्यात आहे. पण झेंडा कुणी चढवायचा याचं एक नाव नाही. ध्वज फडकवणारी व्यक्ती "मुख्याध्यापकांहून वेगळी असेल तर" तिनंही तिथंच उभं राहावं, एवढंच म्हटलं आहे. म्हणजे मुख्याध्यापक किंवा त्यांनी बोलावलेले पाहुणे, दोन्ही चालतं. त्यामुळं प्रशासनाच्या सूचना आल्या असतील तर त्या बघून, समितीच्या बैठकीत आठ-पंधरा दिवस आधी नाव ठरवून इतिवृत्तात नोंदवलेलं बरं. ऐनवेळी स्तंभाजवळ ठरवायला गेलं की पोरांसमोर शोभा होते.

मात्र जातीवरून कुणाला अडवलं तर तो मानपानाचा प्रश्न राहत नाही. तमिळनाडूत तिरुवल्लूर जिल्ह्यातल्या आतुपक्कम इथं १५ ऑगस्ट २०२० रोजी अनुसूचित जातीच्या महिला पंचायत अध्यक्षांना शाळेत झेंडा चढवू दिला नाही. प्रकरण बाहेर आल्यावर जिल्हा प्रशासनाला हस्तक्षेप करावा लागला आणि काही दिवसांत त्यांच्याच हस्ते ध्वजारोहण झालं. अशा प्रकारात ॲट्रॉसिटी कायदा लागू होऊ शकतो.

शेजारी दुसरा झेंडा चालतो का?

एकाच काठीवर तिरंगा आणि दुसरा झेंडा लावता येत नाही. तिरंग्यापेक्षा उंच किंवा त्याला खेटून बरोबरीनंही दुसरा झेंडा लावायचा नाही. अपवाद फक्त इतर देशांच्या ध्वजांचा, त्याचे नियम वेगळे आहेत. भगवा असो, पक्षाचा असो की संस्थेचा, शाळेच्या ध्वजस्तंभाला हाच नियम.

सीमाभागात मात्र प्रश्न तिरंग्याचा नसून लाल-पिवळ्या कन्नड झेंड्याचा असतो. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी बेळगावातल्या एका कॉलेजच्या कार्यक्रमात नाचताना एका विद्यार्थ्यानं कन्नड झेंडा उंचावला. त्यावरून त्याला इतर विद्यार्थ्यांनी मारहाण केली आणि कन्नड संघटना रस्त्यावर उतरल्या. सीमाप्रश्न आधीच तापलेला होता. ६ डिसेंबरला हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ महाराष्ट्रातल्या ट्रकवर दगडफेक झाली, एसटीची कर्नाटकातली वाहतूक थांबली. झळ बसली ती चंदगड, गडहिंग्लज, कागल भागातून कामाला, दवाखान्याला, शिक्षणाला पलीकडं जाणाऱ्या माणसांना.

कायद्यानं बघितलं तर कन्नड झेंडा हा राष्ट्रध्वज नाही. कर्नाटक मंत्रिमंडळानं मार्च २०१८ मध्ये राज्यध्वजाचा नवा नमुना मंजूर केला, पण केंद्राची मान्यता त्याला मिळालेली नाही. राष्ट्रध्वजाच्या अपमानाचा कायदा कन्नड झेंड्याला लागू होत नाही, तसाच भगव्यालाही नाही. कॉलेजच्या कार्यक्रमात कुठले झेंडे आणायचे हे कॉलेज ठरवू शकतं. पण झेंडा दाखवला म्हणून मारहाण केली, तर गुन्हा मारणाऱ्यावर दाखल होतो, मग तो कुठल्या का भाषेचा असेना.

शाळेतला असा पेच फक्त आपल्याकडंच आहे असं नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एका शाळेत ५ मे २०१० रोजी, मेक्सिकन लोकांच्या सणादिवशी, काही मुलं अमेरिकन झेंड्याचे शर्ट घालून आली. मारामारी होईल या भीतीनं शाळेनं त्यांना शर्ट उलटे घाला किंवा घरी जा, असं सांगितलं. पालक कोर्टात गेले. २०१४ साली निकाल शाळेच्या बाजूनं लागला. मुलांची सुरक्षा हा मुद्दा कोर्टानं मान्य केला.

राष्ट्रगीत म्हटलं नाही तर?

केरळमधल्या तीन भावंडांना १९८५ साली शाळेतून काढलं होतं. धर्मश्रद्धेमुळं ती राष्ट्रगीत म्हणत नव्हती, पण राष्ट्रगीत सुरू असताना मान राखून उभी राहायची. सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट १९८६ रोजी बिजो इमॅन्युएल खटल्यात निकाल दिला, की यात अपमान झालेला नाही, मुलांना परत शाळेत घ्या. राष्ट्रगीत मुद्दाम अडवणं किंवा त्यात गोंधळ घालणं हा गुन्हा आहे. शांत उभं राहणं गुन्हा नाही.

चूक वेगळी, अपमान वेगळा

इथंच बहुतेकांची गल्लत होते. ध्वजसंहिता ही सरकारची नियमावली आहे. शिक्षा मात्र राष्ट्रप्रतिष्ठा अवमान प्रतिबंध कायदा १९७१ खाली होते. सार्वजनिक ठिकाणी झेंडा जाळणं, फाडणं, तुडवणं, विटंबना करणं यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. केशरी पट्टा खाली ठेवून झेंडा लावणं आणि झेंडा जमिनीला किंवा पाण्याला लागू देणं हेही कायद्यात आहे, पण त्या दोन्ही ठिकाणी "हेतुपुरस्सर" हा शब्द आहे. गाठ चुकून झेंडा उलटा लागला, वाऱ्यानं काठी पडली, पहिलीतल्या पोराच्या हातून कागदी झेंडा निसटला, यात हेतू नसतो.

कोइमतूरमध्ये २०१३ च्या नाताळात तिरंग्याच्या रंगाचा, अशोकचक्र काढलेला केक कापला म्हणून खटला झाला होता. मद्रास उच्च न्यायालयानं मार्च २०२१ मध्ये तो रद्द केला. अपमान करायचा हेतू दिसत नाही, हेच कारण.

मूल १८ वर्षांखालचं असेल तर

- तीन वर्षांपर्यंतच शिक्षा असलेला गुन्हा बाल न्याय कायदा २०१५ मध्ये किरकोळ गटात येतो. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांनुसार अशा प्रकरणात मुलावर एफआयआर होत नाही. पोलीस डायरीत नोंद करून अहवाल बाल न्याय मंडळाकडं पाठवतात. मुलाबरोबर मोठी माणसं सामील असतील तर मात्र गोष्ट वेगळी.
- आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम १६ तसं सांगतं. कलम १७ नुसार मारणं आणि मानसिक त्रास देणं याला बंदी आहे. सगळ्या वर्गासमोर माफी मागायला लावणं मानसिक त्रासात मोडू शकतं.
- चौकशी सुरू असलेल्या मुलाचं नाव, फोटो, शाळा, पत्ता उघड करणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायदा यात फक्त वर्तमानपत्रं धरत नाही, "इतर संपर्क माध्यमं" असंही म्हणतो. म्हणजे व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हिडिओ पुढं ढकलणाराही अडकू शकतो.

स्टेटसवरून काय होऊ शकतं हे कोल्हापूरनं ७ जून २०२३ ला बघितलं आहे. काही तरुणांच्या आक्षेपार्ह स्टेटसवरून बंद झाला, दगडफेक आणि लाठीमार झाला, मोबाईल इंटरनेट बंद ठेवावं लागलं. हातावर पोट असणाऱ्यांचे दिवस बुडाले.

वाद झालाच तर काय करायचं?

१. झेंडा उलटा लागला तर कार्यक्रम थांबवून तो सावकाश उतरवावा, नीट बांधून परत चढवावा. आदल्या दिवशी तालीम घेतली आणि गाठ दोघांनी तपासली तर ही वेळ सहसा येत नाही.

२. पोरानं काही केलं असेल तर आधी मुख्याध्यापकांनी पालकांना बोलवून बाजूला बसून बोलावं. पोराला हे कुणी शिकवलं, कशासाठी केलं, हे विचारावं. निष्कर्ष लिहून ठेवावा.

३. तक्रार असेल तर ती लेखी, मुख्याध्यापकांकडं किंवा गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं द्यावी. जमाव घेऊन शाळेत जाऊ नये. पोरं घाबरतात आणि दुसऱ्या दिवसापासून शाळेला येत नाहीत.

४. मुद्दाम विटंबना झाली असं वाटलं तर पोलीस ठाण्यात जावं. व्हिडिओ पोलिसांकडं द्यावा, ग्रुपवर टाकू नये.

५. ध्वजसंहिता केंद्रीय गृह मंत्रालयाच्या वेबसाईटवर फुकट मिळते. एक प्रत काढून शाळेच्या ऑफिसात आणि एक ग्रामपंचायतीत ठेवावी. ध्वजारोहणाच्या आधीच्या बैठकीत ती दहा मिनिटं वाचून दाखवली, तर निम्मे वाद तिथंच मिटतील.