राणीमहालातील एक दुपार

सरकारी कामासाठी झाशीस गेलो असता एक दुपार मोकळी मिळाली. बहुतेक प्रवासी किल्ल्याकडे वळतात. मी भरवस्तीतील राणीमहालात गेलो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रघुनाथराव नेवाळकरांनी बांधलेला हा दुमजली वाडा आज पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे.

मध्ये चौक, त्यात विहीर व कारंजे; भोवती नवव्या ते बाराव्या शतकांतील पाषाणमूर्ती मांडलेल्या. दिवाणखान्याच्या भिंतींवर व छतावर फुलेवेली आणि पशुपक्षी रंगविले आहेत. मूर्ती देखण्या खऱ्या. परंतु मराठी मनुष्याची नजर तेथे निराळेच काही शोधू लागते.

१७४२ साली पेशव्यांचे सुभेदार नारो शंकर येथे आले आणि त्यांच्यामागून दक्षिणेतील घराणीही स्थिरावली. गंगाधररावांनी २० नोव्हेंबर १८५३ रोजी इंग्रज अधिकाऱ्यांच्या समक्ष दत्तक घेतला व दुसऱ्या दिवशी ते निवर्तले. डलहौसीने तो दत्तक अमान्य ठरवून १८५४ साली संस्थान खालसा केले. दरमहा पाच हजार रुपयांचे वेतन नेमून राणीस किल्ला सोडावयास लाविले. ती राहावयास आली ती याच महालात.

मी स्वतः कागदांवर शेरे लिहून पोट भरणारा. एका शेऱ्याने एवढे घडू शकते, हा विचार त्या दिवाणखान्यात मला सुखाने उभे राहू देईना. अमेरिकेत चेरोकी लोकांची गत अशीच झाली. त्यांच्या निवडलेल्या शासनाला मान्य नसलेला १८३५ चा करार पुढे करून १८३८ मध्ये त्यांना घरांतून हुसकून लावले. हजारो माणसे दगावली. परंतु सिक्वोयाने १८२१ च्या सुमारास घडविलेली लिपी त्यांच्यापाशी उरली, आणि आज उत्तर कॅरोलिनातील संग्रहालयात ते आपली कथा आपणच सांगतात.

झाशीचे काय उरले? एप्रिल १८५८ मध्ये ह्यू रोजच्या फौजेने शहर लुटले, तेव्हा राजवाड्यातील ग्रंथसंग्रहही नष्ट झाला. त्या वेढ्यात वरसईचे विष्णुभट गोडसे अडकले होते. दक्षिणेच्या आशेने घर सोडलेला हा गरीब भिक्षुक जिवानिशी परतला आणि पाहिलेले सारे पुढे त्याने लिहून काढले. चिंतामणराव वैद्यांनी ते १९०७ साली ‘माझा प्रवास’ या नावाने छापले. राज्याचे दफ्तर गेले. भिक्षुकाची वही मात्र राहिली. राणीला जवळून पाहणाऱ्या मराठी माणसाचे शब्द आपल्याला लाभले ते तिच्यामुळे.

दारे मिटावयाची वेळ झाली, तेव्हा वाटले, या दालनात मूर्तींच्या शेजारी काचेची एक पेटी असावी आणि तीत त्या पुस्तकाची प्रत उघडी ठेवावी. येणाऱ्या मराठी माणसाने दोन ओळी वाचाव्यात व मग वर छताकडे पाहावे. मुक्कामावर परतलो. टेबलावर सह्यांसाठी कागद पडले होते. त्या रात्री प्रत्येक कागद मी दोनदा वाचला.